नवा ड्रायव्हर काढा, जुना घाला

वरचापाडा, ता. तलासरी
१४ जानेवारी २०१८

चि. तुषारभाऊजींस,

अनेक आशीर्वाद. तिळगूळ या पत्रासोबत चैत्याच्या जीपमधून पाठवला आहे. डहाणूला पोचेपर्यंत डब्यात किती उरेल ते चैत्या जाणे. आज गोड बोलायचा दिवस, म्हणून आधी गोड बोलून घेते. नाताळच्या सुट्टीत मी घरी आले असताना तुम्ही माझा लॅपटॉप उचललात आणि न विचारता त्याची सिस्टीम अपग्रेड करून दिलीत, त्याबद्दल आभार. गोड संपलं.

त्या दिवसापासून लॅपटॉपची खालची पाटी, जिच्यावर बोट फिरवायचं ती, पिसाळली आहे. मी टाइप करत असते आणि बाण मधेच उडी मारून चार ओळी वर जाऊन बसतो. पुढचं वाक्य मग तिथे उमटतं. परवा शाळेच्या शौचालयाबद्दल वर पत्र लिहीत होते. 'दार मोडलेले असून आतून दुर्गंधी येते' हे वाक्य उडालं आणि थेट 'मा. केंद्रप्रमुख यांचे' याच्या पुढे जाऊन बसलं. वाचून न पाहता पाठवलं असतं तर बदलीचा अर्ज करायची वेळच आली नसती, बदली त्यांनीच केली असती. शिवाय पान खाली ओढलं की वर जातं आणि वर ढकललं की खाली येतं.

फोन का करत नाही, असं विचाराल. रेंज फक्त तलासरी नाक्यावर येते, आणि मी फोन केला की तुमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्पीकर लावतात. मग माझी तक्रार नरपडच्या अर्ध्या आळीला कळते. आणि घरी आल्यावर बोलायचं तर त्यासाठी हातातलं लाटणं खाली ठेवावं लागतं, ते कधी जमलेलं नाही. म्हणून पत्र.

हसण्यावारी नेऊ नका. पुढच्या महिन्यात शिक्षकांच्या बदलीचे ऑनलाइन अर्ज सुरू होतील. यादीतून शाळा निवडायची आणि एकदा पाठवलं की परत फिरणं नाही. आपल्या नरपडच्या पाटीलपाड्याची शाळा त्यात आहे, आणि तिच्यासाठी घर चार वर्षं देव पाण्यात ठेवून बसलंय. आता आपल्या भागात पाटीलपाडे किती, हे तुम्हाला सांगायला नको. एखाद्या गावात पाटील सापडणार नाही, पण पाटीलपाडा सापडतोच. बाण एक ओळ घसरला तर मी कुठल्या पाटीलपाड्यात जाऊन पडेन याचा नेम नाही. तेव्हा उपाय कळवा.

तुमची वहिनी,
सुषमा


डहाणू रोड
१८ जानेवारी २०१८

ती. वहिनींस,

शिरसाष्टांग नमस्कार. दुकानात आडवं व्हायला जागा नाही, म्हणून उभ्यानेच घालतो आहे.

डब्यात तीन लाडू निघाले. चैत्या म्हणतो, बाईंनी तीनच दिले होते. तुमचा स्वभाव माहीत असल्याने मी विश्वास ठेवला.

आता तुमची 'पाटी'. तिला टचपॅड म्हणतात. तुम्ही बाई आहात, तुम्हाला जगात सगळीकडे पाटीच दिसणार, पण माझ्या गिऱ्हाइकांसमोर असं बोलू नका. पहिला उपाय म्हणजे लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा. याने काही होत नाही, पण आमच्या धंद्यात पहिली पाच मिनिटं याच्यावरच जातात. मग टचपॅड कोरड्या कपड्याने पुसा आणि हातही पुसा, तेलकट बोटाने तो भांबावतो. सर्वांत वरच्या ओळीत एका बटणावर चौकोन आणि त्यावर आडवी रेघ असं चित्र आहे, ते एकदा दाबून पुन्हा दाबा. आणि लिहिताना मनगट त्यावर टेकवत असाल तर टेकवू नका. एवढ्याने भागलं नाही तर मी दिलेला माऊस जोडा आणि टचपॅडकडे बघूच नका, घरात नाही का आपण काही माणसांकडे बघत नाही.

पान उलटं सरकणं हा मात्र बिघाड नव्हे. ती सुधारणा आहे. करणाऱ्यांना वाटलं, लोकांना असंच बरं पडेल. लोकांना कोणी विचारलं नाही, पण हेतू चांगला होता.

घरी सगळे मजेत. आईने आत्तापासून स्वयंपाकघरातली एक फळी तुमच्यासाठी रिकामी केली आहे. वाटेत भेटेल त्याला सांगते, सून येतेय, सून येतेय. नविनदादा नेहमीसारखाच. पतपेढीतून आला की टीव्ही, आणि रविवारी झोप. तुमच्याबद्दल विचारलं की म्हणतो, येईलच आता.

आपला आज्ञाधारक,
तुषार


वरचापाडा
२५ जानेवारी २०१८

चि. तुषारभाऊजींस,

आशीर्वाद, थोडे कमी.

बंद करून चालू केला. विश्रांती मिळाल्याने बाण ताजातवाना झाला आणि दुप्पट उड्या मारू लागला. तेल मी डोक्याला लावते, बोटांना नाही. चौकोनाचं बटण दाबलं तेव्हा पाटी मेली, पुन्हा दाबलं तेव्हा उठून बसली, स्वभावात फरक नाही. मनगट हवेत धरून प्रजासत्ताक दिनाचं भाषण लिहिलं, आता खांद्याला मलम लावते आहे. तुमच्या माऊसची वायर उंदराने खाल्ली. जातभाई म्हणूनही सोडलं नाही.

आमचे मुख्याध्यापक झिपरू गुरुजी बराच वेळ बाणाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, याच्यावर कोणीतरी केलंय." मी म्हटलं, "हो गुरुजी, दिराने."

विचारायचं नाही, सुधारणा करायची आणि वर हेतू चांगला होता म्हणायचं, हे तुमचं वाक्य वाचून मला एकदम घरची आठवण आली. फळीचं वाचून बरं वाटलं. माझी पुस्तकं मावतील ना त्यावर?

सुषमा


डहाणू रोड
३० जानेवारी २०१८

ती. वहिनींस,

उभ्याने नमस्कार.

गुरुजींना सांगा, निदान बरोबर आहे. मी इथे तसाच एक लॅपटॉप उघडून बघितला. दोष पाटीचा नाही, तुमच्या बोटाचाही नाही. दोष सगळा ड्रायव्हरचा. अपग्रेडबरोबर जो नवा ड्रायव्हर आला आहे, त्याला काही कळत नाही, कुठे थांबायचं, कुठे वळायचं, कशाचा पत्ता नाही. जुना ड्रायव्हर संथ होता, पण रस्त्यावर होता. तेव्हा नव्याला काढा आणि जुन्याला परत घाला. दयामाया दाखवू नका.

कसं करायचं ते चित्र काढून मागच्या पानावर दिलं आहे. इंटरनेट लागत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तुम्ही चौथीच्या मुलांना भागाकार शिकवता म्हणजे हे तुम्हाला अवघड नाही.

फळीवर आईने मसाल्याच्या बरण्या मांडल्या, तुमच्या हाताला येतील अशा उंचीवर. पुस्तकांचं विचारलं तर म्हणाली, "पुस्तकं कशाला घरात? शाळेत ठेवेल की."

तुषार


डहाणू रोड
१२ फेब्रुवारी २०१८
(पोस्टाने)

ती. वहिनींस,

हे पत्र पोस्टाने येतंय याचं कारण ऐका, आणि गंभीर चेहऱ्याने ऐका.

गेला आठवडाभर चैत्या माझ्या हातून काही घ्यायला तयार नाही. पत्र पुढे केलं की तोंड फिरवतो. परवा आशागडला त्याची जीप पंक्चर झाली तिथे गाठला. बराच वेळ जॅकशी झटत राहिला, मग म्हणाला, "मी नवा हाय म्हणून मना काढताव? तुक्याला परत घालताव? त्याला समोरचा बैल दिसत नाय आनि म्हने रस्त्यावर होता!"

वहिनी, त्याने ते पत्र वाचलं. मी नुसती घडी घालून दिलं होतं, ही माझी चूक. तुक्या म्हणजे त्याच्या आधी या लाइनवर जीप चालवायचा तो म्हातारा, हे मला तेव्हा कळलं. चैत्याची खात्री पटली होती की तलासरीच्या बाई आणि डहाणूचा दुकानदार मिळून त्याच्या पोटावर पाय देताहेत. दयामाया दाखवू नका, हे वाक्य त्याने मला तोंडपाठ म्हणून दाखवलं.

मी समजावलं की हा ड्रायव्हर म्हणजे टचपॅड चालवणारा प्रोग्राम, तो लॅपटॉपच्या आत असतो. तो म्हणाला, "मंग गाडी कुठं हाय त्याची?" आता याचं उत्तर तुम्हीच द्या, तुम्ही शिक्षिका आहात.

तुम्हाला ते पत्र मिळालं की त्याने ओढ्यात टाकलं, हे तो सांगत नाही. म्हणून चित्र पुन्हा काढून सोबत जोडलं आहे. अर्जाची मुदत जवळ आली. टचपॅड नीट झाल्याशिवाय अर्जाला हात लावू नका. घराचं सगळं त्या एका बाणावर आहे.

तुषार


वरचापाडा
२६ फेब्रुवारी २०१८

चि. तुषारभाऊजींस,

आशीर्वाद. तुमचं पोस्टाचं पत्र परवा मिळालं. अर्ज मी त्याआधीच तलासरीला केंद्रशाळेत लॅपटॉप नेऊन भरला. शेवटची तारीख होती, थांबता आलं नाही. पाटी आपल्या स्वभावाप्रमाणे वागली. जे व्हायचं ते होईल.

परीक्षांची कामं आहेत, तेव्हा पुढच्या महिन्यात घरी येणं जमणार नाही. आईंना सांगा, सुक्या बोंबलांची घाई करू नका.

सुषमा


डहाणू रोड
३ एप्रिल २०१८

वहिनी,

नमस्काराचं नंतर बघू.

बदल्यांची यादी लागली. तुम्हाला पाटीलपाडा मिळाला आहे. फक्त तो आपला नव्हे. तो तुमच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे, तुमच्या आत्ताच्या खोलीपासून म्हणे चालत जाता येतं. म्हणजे चार वर्षं देव पाण्यात ठेवून तुम्ही एक टेकडी पुढे सरकलात.

आईने आधी पेढे वाटले. यादीत नुसतं पाटीलपाडा वाचलं होतं ना. आळीत वाटून झाल्यावर दादाने तालुक्याचं नाव वाचून दाखवलं. तेव्हापासून ती एकच वाक्य म्हणते, "मशिनीनं माझी सून नेली." दादाने टीव्ही बंद केला. आपल्या घरात टीव्ही बंद होतो म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकता. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "कोणी सांगितलं होतं तुला अपग्रेड करायला?" खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

बाजारात तर माझा पोवाडा गातात. चिकूवाले शेठ काल दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले, "अरे तुषार, तारा अपग्रेडमां तो भाभी डुंगरे चडी गई!" आणि दुरुस्तीला ठेवलेला स्वतःचा लॅपटॉप उचलून घेऊन गेले.

पण मी हरलेलो नाही. चूक झाली असेल तर तक्रार अर्ज करता येतो असं कळलंय. टचपॅड बिघडलेला होता, असं मी दुकानाच्या शिक्क्यासकट लिहून देतो. पुरावा म्हणून लॅपटॉप लागेल. तो चैत्याबरोबर लगेच पाठवा. चैत्याशी आता समेट झाला आहे.

तुषार


वरचापाडा
६ एप्रिल २०१८

चि. तुषारभाऊजींस,

आईंच्या जिवाला लागलं, हे वाचून वाईट वाटलं. पेढ्यांचं तर फारच.

काय झालं ते सांगते. यादीत पाटीलपाडे एकाखाली एक होते. मी बोट टेकवलं, बाणाने उडी मारली, मी सावरेपर्यंत अर्ज गेलासुद्धा. चैत्याने तुमचं ते ड्रायव्हरचं पत्र दिलंच नाही आणि पोस्टाचं उशिरा आलं, त्याला मी काय करणार? तुम्हीच म्हणालात, नव्या ड्रायव्हरला कुठे थांबायचं ते कळत नाही. तर थांबला नाही.

लॅपटॉप पाठवता येणार नाही. निकालाची कामं त्यावर चालू आहेत. शिवाय जीपमध्ये तो कोंबड्यांच्या पाटीखाली जातो. शिवाय पिशवीची चेन तुटली आहे. तक्रार अर्जाच्या भानगडीत तुम्ही पडू नका. सरकारी कागद एकदा मागे लागला की आपला पिच्छा सोडत नाही. नशिबात पाटीलपाडा होता, तो मिळाला, फक्त देवाकडे तालुका लिहायचा राहिला.

सुषमा


डहाणू रोड
११ एप्रिल २०१८

ती. वहिनींस,

तुमचा लॅपटॉप माझ्यासमोर आहे. तुम्ही पाठवला नाही, माहीत आहे. मी चैत्याला सहज म्हटलं होतं की बाईंचा लॅपटॉप मिळाला तर बाईंचं काम होईल. त्याला ड्रायव्हर प्रकरणाचं परिमार्जन करायचं होतं. तुम्ही पाण्याला गेलात तेव्हा त्याने झिपरू गुरुजींना सांगितलं की बाईंनीच मागवलाय, आणि मांडीवर घेऊन आला. कोंबड्या टपावर ठेवल्या होत्या. त्याच्यावर रागावू नका, त्याला वाटतंय त्याने तुमचं भलं केलं.

मी शिक्का शाईत बुडवून तयार ठेवला आणि बोट फिरवलं. बाण गेला. थांबवला तिथे थांबला. एक अख्खं पान टाइप केलं, मनगट मुद्दाम टेकवून केलं, एकदाही उडी नाही. म्हटलं, माझ्या धाकाने सुधारला असेल. मग आत पाहिलं तर नवा ड्रायव्हर नाहीच. जुना घातलेला, अर्जाच्या आधीच्याच आठवड्यात. चैत्याला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "पत्र मी त्याच दिशी दिला बाईंच्या हातात. राग माझा माझ्याकडं. पत्र तर पोचवायलाच पायजे ना."

वहिनी, अर्ज भरला तेव्हा टचपॅड ठीक होता. मीच केला होता, तुमच्या हातून.

उंदराबद्दल मी आता काही विचारत नाही.

मला राग आला आहे, तो लिहितो. रोज जेवताना मी बोलणी खातो. आई मला वाढते आणि बोलते, बोलते आणि वाढते. बाजार हसतो. हे सगळं मी तुमच्या कामी येतोय असं समजून सहन करत होतो, आणि तुम्ही मला कोंबड्यांच्या पाट्या सांगत होता. मला एकट्याला तरी सांगायचं होतं.

आता सांगा. शिक्का मी अजून उमटवलेला नाही. घरी काय सांगू?

तुषार


वरचापाडा
१५ एप्रिल २०१८

चि. तुषारभाऊजींस,

बोट घसरलं नाही.

दोन्ही पाटीलपाडे एकाखाली एक होते, तेवढं खरं सांगितलं होतं. बाण नरपडच्या पाटीलपाड्यावर शांत उभा होता. तुमच्या चित्राप्रमाणे केलं होतं, पाच मिनिटंही लागली नाहीत. खरं म्हणजे मी ठरवून गेले नव्हते. नरपडच भरायला गेले होते. पण बाण इतका निमूट उभा राहिला की सगळं माझ्यावरच आलं. मीच तो एक ओळ खाली नेला आणि बटण दाबलं. मग लक्षात आलं की दोष द्यायला पाटी आयती आहे, दोन महिने तिची बदनामी मीच करून ठेवली आहे.

तुम्हाला बोलणी बसतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं. त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुलांसाठी राहिले असं मात्र कोणाला सांगू नका. लोकांना ते आवडेल, एखादा सत्कारही करतील. मुलांना शिकवायचा मला पगार मिळतो, आणि मुलं नरपडलाही आहेत. मी माझ्यासाठी राहिले. इथे मला एक खोली आहे. संध्याकाळी शेजारची कमळी ओट्यावर येऊन बसते, तिची भाषा आणि माझी भाषा मिळून आम्ही अख्ख्या पाड्याची निंदा करतो. भाजी करायची की नाही ते मी ठरवते. कधीकधी करतच नाही. चहाबरोबर भाकरी खाते आणि वाचत पडते. सांगायला लाज वाटावी इतकं लहान सुख आहे, पण सुटत नाही.

तुमचे दादा वाईट नाहीत. हात उचलत नाहीत, पीत नाहीत, आईंसमोर माझी बाजू घेत नाहीत आणि आईंची माझ्यासमोर घेत नाहीत. चार वर्षांत ते इथे एकदाही आले नाहीत. रस्ता लांब आहे म्हणतात. तोच रस्ता मला दर महिन्याला जवळ पडतो असं सगळ्यांना वाटतं. परत येण्याबद्दल घरात सगळं बोलून झालं, फळी झाली, बरण्या झाल्या, पेढे झाले. तुला यायचंय का, एवढं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुतेक मी हो म्हटलं असतं. मला तेच टोचतं.

घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. खरं सांगितलंत तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. तुम्हीही त्याच घरचे आहात.

सुषमा


डहाणू रोड
१९ एप्रिल २०१८

ती. वहिनींस,

नमस्कार. आज दुकान रिकामं आहे, हवं तर आडवा होऊन घालतो.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी जेवताना मी जाहीर केलं की तपासणी पूर्ण झाली. टचपॅड कामातून गेलेला आहे, चूक सर्वस्वी माझ्या अपग्रेडची, आणि तक्रारीची मुदत संपली. आईने मला आमटी वाढली नाही. मी कोरडा भात खाल्ला. एवढ्यात निभावलं असं वाटलं.

काल दुपारी दादा दुकानात आला. तो दुकानात कधी येत नाही. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "तो लॅपटॉप दाखव." मी म्हटलं, खोललाय. तो समोरच होता, न खोललेला. त्याने बोट टेकवलं आणि बराच वेळ बाण इकडून तिकडे फिरवत राहिला.

"नीट चाललंय की," म्हणाला.

"इथे चालतं. तिकडे डोंगरावर हवा वेगळी," मी म्हटलं. वहिनी, दहा वर्षं या धंद्यात थापा मारतोय, पण ही सर्वांत वाईट होती.

तो हसला नाही. बाणाकडेच बघत म्हणाला, "भाकरी तव्यावर टाकताना तिचं बोट कधी घसरलेलं मी बघितलं नाही."

मी टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागलो. मग त्याने विचारलं, "तिला यायचं नव्हतं?" मी म्हटलं, "हे मला कशाला विचारतोस?" जरा जोरातच म्हटलं. बाहेर चिकूवाले शेठ उभे होते, ते आल्या पावली परत गेले.

उठताना त्याने विचारलं, तलासरीची जीप कुठून सुटते. माझा दादा, वय वर्षं चौतीस, जन्म डहाणूचा. मी सांगितलं. चैत्यालाही सांगून ठेवलंय की जुना माणूस नव्याने येतोय, उतरायचं कुठे ते दाखव.

रविवारी पोचेल. लॅपटॉप त्याच्याजवळच देतोय. तो तुम्हाला आणायला येतोय, भांडायला येतोय की नुसता बघायला, ते मी विचारलं नाही. आईला फक्त एवढं सांगितलंय की पतपेढीचं काम आहे.

तुषार


वरचापाडा
२३ एप्रिल २०१८

चि. तुषारभाऊजींस,

अनेक आशीर्वाद, पूर्ण मापाने. कोरड्या भाताचं ऋण माझ्यावर राहिलं.

तुमचे दादा काल आले. चैत्याने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं होतं आणि वाटभर ड्रायव्हरीतल्या अडचणी सांगितल्या. आले तेव्हा मी डोक्याला टॉवेल गुंडाळून ओट्यावर कांदे वाळत घालत होते. त्यांनी बूट काढले आणि कुठे ठेवायचे ते विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेली ही पहिली गोष्ट असावी.

मी घाबरले होते, हे लिहिते. भांडण झालं असतं तर बरं, असं वाटत होतं, कारण भांडणाची उत्तरं मी तयार ठेवली होती. ते भांडले नाहीत. खोलीत बसून राहिले. माझी पुस्तकं बघितली, चूल बघितली. कमळी मुद्दाम दोनदा मीठ मागायला आली आणि त्यांना वरपासून खालपर्यंत बघून गेली. दुपारी आम्ही चालत नवा पाटीलपाडा बघून आलो. चढावर ते तीनदा थांबले. भाजी केली नव्हती. चहा आणि भाकरी दिली, त्यांनी दुसरी भाकरी मागितली.

जीप भरायची वाट बघत उभे होतो तेव्हा म्हणाले, "मला वाटायचं तू इथे दिवस काढतेस." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तू तर राहतेस."

मला रडू आलं. चैत्यासमोरच आलं, इलाज नव्हता.

आईंचं काय करायचं ते त्यांनाही सुचत नाही, मलाही नाही. खरं मी स्वतः सांगेन, तुमच्यावर ते आणखी लादणार नाही. मे महिन्याच्या सुट्टीत येतेच आहे. बोलणी माझी मी खाईन.

जीपमध्ये बसताना त्यांनी विचारलं, पुढच्या रविवारी आलो तर चालेल का. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. डहाणूहून सकाळची जीप किती वाजता सुटते, ते सांगितलं.

तुमची वहिनी,
सुषमा